वाट बघती

"मावशी, खिंडीत 'येते' म्हटलं तर काय होतं?"

हा प्रश्न मी विचारायचा, अशी पैज अनुष्कानं लावली होती. समीक्षा तिच्या बाजूनं. खरं तर समीक्षा स्वतः टाकवे बुद्रुकची, तिच्या आत्याचं सासर वडिवळ्याचं, म्हणजे हे तिनं विचारायला हवं होतं. पण जीपमध्येच तिनं हात वर केले. "आमच्यात मोठ्यांना असलं विचारत नाहीत. तू विचार. तू हल्ली कुणालाही काहीही विचारतेस."

ते खरं आहे. नववीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई मला सरळ गैरहजर मांडायच्या. दहावीत आल्यावर कुणास ठाऊक कसा, मला माझा आवाज सापडला. वक्तृत्वात पहिली आले, वर्गाची प्रतिनिधी झाले, रिक्षावाल्यांशी भांडायला लागले. आता तो आवाज बंद करायचं बटण सापडत नाही, असं बाबांचं मत आहे.

तर आम्ही तिघी वडिवळे धरणाच्या कडेला, कस्तुराबाईंच्या टपरीत बसलो होतो. समीक्षाच्या काकांनी, कैलासकाकांनी, कामशेतहून जीपनं आणून सोडलं होतं आणि ते बाकावर आडवे होऊन मोबाइल बघत होते. दिवाळी नुकतीच संपलेली. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसता धसकटांचा पिवळा रंग उरला होता, आणि सगळ्या हवेला ओल्या पेंढ्याचा वास. समोर डोंगर. त्याच्या माथ्याजवळ दोन कातळांच्या मधे एक फट दिसत होती. तीच खिंड. तिथून पलीकडचं पठार आणि धरणाचं सगळं पाणी एकदम दिसतं, म्हणून हल्ली शनिवार-रविवारी माणसं येतात.

वर जाणाऱ्या प्रत्येकाला कस्तुराबाई भजी तळता तळता एकच सांगत होत्या: "खिंडीतनं निगताना 'जातो' म्हना. 'येतो' म्हनू नगा."

आता कुठल्याही मराठी घरात हे उलटं आहे. निघताना कुणी 'जाते' म्हणालं तर माझी आई हातातलं काम टाकून दारात येते. 'जाते काय, येते म्हणावं.' शाळेला निघताना, दुकानात निघताना, कचरा टाकायला खाली निघतानासुद्धा.

म्हणून प्रश्न.

कस्तुराबाईंनी झारा निथळत धरला. "नाव काय तुजं?"

"इंद्रायणी."

"नदी का तांदूळ?"

"दोन्ही," अनुष्का म्हणाली. "वाहते पण आणि चिकट पण आहे."

कैलासकाका मोबाइलमागून हसले. कस्तुराबाईपण हसल्या, पण प्रश्न विसरल्या नाहीत. "काय न्हाई व्हत गं," त्या म्हणाल्या. "वाट बघती."

"कोण?"

"वाट."

"हो, पण वाट कोण बघतं?"

"तेच सांगती न्हवं. वाट बघती." आणि त्यांनी पुढचा घाणा सोडला.

आम्हाला मराठीच्या बाई सारख्या कर्ता ओळखायला लावतात. 'वाट बघते' या वाक्यात 'वाट' हे कर्म. बघणारी कुणी वेगळी, ती अध्याहृत. कस्तुराबाईंच्या वाक्यात अध्याहृत कुणीच नव्हतं. मला ते इतकं आवडलं की मी चढताना दोघींना व्याकरण समजावत होते आणि दोघी मला गप्प बस म्हणत होत्या.

वाट छान होती. गुरांच्या खुरांनी खोल गेलेली, एका पावलाएवढी रुंद, दोन्ही बाजूंना गुडघाभर वाळकं गवत. त्याची कुसळं सॉक्समध्ये घुसत होती. खिंडीच्या थोडं खाली मधेच एक काळा सपाट कातळ येतो. वाट त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालते आणि पुढे परत एक होते. त्या कातळावर बसून आम्ही डब्यातली चकली संपवली. मला तो कातळ नीट आठवतो, कारण त्याच्या मधोमध एक खळगा आहे आणि त्यात इतक्या उन्हातही पाणी होतं.

खिंडीत पोचलो तेव्हा दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन उतरत होत्या. पहिलीनं एक हात सोडून कातळाला लावला आणि "जाते गं," म्हणाली. दुसरीही तसंच. देवाला म्हणतात तसं नाही. शेजारणीला म्हणतात तसं.

आम्ही भरपूर फोटो काढले. लांब एक्स्प्रेसवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे दिसत होते. मग निघायचं म्हणून उठलो आणि माझा फोन वाजला. त्या सगळ्या डोंगरात रेंज फक्त खिंडीत येते.

आई होती. "अगं, किती वेळ? निघालात का?"

"हो हो, येतेय," मी म्हणाले. "येते."

फोन ठेवला तर समीक्षा माझ्याकडे बघत होती.

"अगं, मी आईला म्हणाले," मी म्हणाले. "खिंडीला नाही."

"ते खिंडीला काय माहीत," समीक्षा म्हणाली.

अनुष्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

*

आईबद्दल सांगायला हवं. माझी आई, नीरजा, तळेगावात एका पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. उन्हाळ्यात तिची साखर भयंकर वाढलेली निघाली. आजीचा पाय साखरेनंच गेला होता आणि मग आजीही. म्हणून डॉक्टरांनी 'चाला' म्हटल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आईला बूट घेतले, बाबांनी त्यांचं जुनं, पावलं आणि चढ मोजणारं मनगटी घड्याळ दिलं, आणि पहिले काही दिवस मी तिला हाताला धरून नगरपरिषदेच्या बागेत नेलं. बाग आमच्या इमारतीच्या मागेच आहे. पेव्हर ब्लॉकचा गोल ट्रॅक, मधे हिरवळ, पिवळी-निळी व्यायामाची यंत्रं, आणि कोपऱ्यात पहाटे टाळ्या वाजवून हसणारा आजोबांचा हास्यक्लब. आई आधी कुरकुरत जायची. नंतर एकटी जायला लागली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश वक्तृत्वाचं नाही, हे आहे.

वडिवळ्याहून आल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी आई फिरून आली आणि सोफ्यावर बसून सलवारीतून काहीतरी उपटायला लागली.

कुसळं.

"बागेत कुठली गं कुसळं?" मी विचारलं.

"लागली कुठूनतरी." तिचा चेहरा उन्हातून आल्यासारखा तांबूस झाला होता. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिच्या बुटांना तांबडी माती, आमच्या काळ्या मातीच्या बागेत नाही तशी. आणि बाबांच्या घड्याळात चढ दिसायला लागला. बाबा शाळेत गणित शिकवतात, त्यांना आकडे जुळले नाहीत की अन्न जात नाही. बाग तव्यासारखी सपाट आणि घड्याळ म्हणत होतं की बाई डोंगर चढून आल्या.

"बिघडलंय," बाबांनी निकाल दिला. "स्वस्तातलं होतं."

"मला तर बरं वाटतंय," आई म्हणाली. "आज वर वाराही छान होता."

"वर?"

"बागेत गं."

त्या महिन्यात आईची साखर तपासली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आईशी चक्क हस्तांदोलन केलं. येताना बाबांनी जिलबी घेतली आणि मग आठवलं की आईला ती चालत नाही, म्हणून ती मी खाल्ली. घरात सगळे इतके खूश होते की कुसळांबद्दल बोलणं म्हणजे सणाच्या दिवशी आजाराचा विषय काढण्यासारखं होतं.

पण मला राहवेना. भीती नव्हती, खरंच नव्हती. मला फक्त बघायचं होतं. शनिवारी दुपारी मी बागेत गेले.

हिरवळीवरून एक पायवाट गेली होती. आता यात काय. लोकांना ट्रॅकवरून वळसा घालायचा कंटाळा येतो, ते हिरवळीतून आडवे जातात, गवत मरतं, वाट पडते. प्रत्येक बागेत अशी असते. ही व्यायामाच्या यंत्रांपासून निघून करंजाच्या झाडांकडे गेली होती. एका पावलाएवढी रुंद, खोल गेलेली. मी वाकून बघितलं तर तिच्यात गुरांच्या खुरांचे ठसे होते.

झाडांच्या अलीकडे ती एका काळ्या सपाट दगडाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून परत एक झाली होती.

दगडाच्या मधोमध खळगा होता. त्यात पाणी होतं.

मी माळ्याला विचारलं, हा दगड कधी आणला. तो म्हणाला, "कुठला?" मी दाखवला. तो दगडाकडे बघून म्हणाला, "असंल पहिल्यापासून," आणि पाइप ओढत निघून गेला.

*

सोमवारी शाळेत मी समीक्षाला सगळं सांगितलं. अनुष्काला नाही, तिनं रील केलं असतं. समीक्षानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "रविवारी आत्याकडे जातेय. मी विचारते."

"तुमच्यात विचारत नाहीत ना?"

"गप बस."

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं मला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"कस्तुरामावशीला काही माहीत नाही," ती म्हणाली. "तिची सासू म्हणायची म्हणून ती म्हणते. सासूला कुणी सांगितलं, ते तिला माहीत नाही. मी म्हटलं, पण कुणी 'येते' म्हणून गेलंच नाही तर? तर ती म्हणाली, 'म्हनलंय त्यानं जावं. उगा वाट बघाय लावू नये.' मी म्हटलं, जाऊन काय करायचं? तर म्हणाली, मला काय ठावं."

"बस?"

समीक्षानं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "तिनं मलाच एक विचारलं. त्या दिवशी आपली जीप गेल्यावर तू परत आली होतीस का, काही विसरलं म्हणून. अंधारायच्या आधी डोंगरातून तुझा आवाज येत होता म्हणे. 'हो हो, येतेय' असा. तिनं तुझ्यासाठी चहा टाकला होता. बराच वेळ थांबली."

मग घंटा झाली. पुढचा तास भूमितीचा होता. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी आईच्या मागे गेले.

सहा वाजून गेले होते, दिवे अजून चालू होते. आई ट्रॅकवरून चालत होती, मी बरीच मागे. कोपऱ्यात हास्यक्लबचे आजोबा हात वर करून हा-हा-हा करत होते. आईनं एक फेरी पूर्ण केली. यंत्रांपाशी आली. आणि रोज तिथेच वळत असावी तशी, अजिबात न थांबता, पायवाटेवर उतरली.

मीही उतरले.

हसण्याचा आवाज मागे राहिला. मग लांब गेला. मग नव्हता.

हायवेचाही आवाज नव्हता. आमच्या तळेगावात हायवेचा आवाज कधीच थांबत नाही.

पेंढ्याचा वास आला.

पायाखालची जमीन चढायला लागली होती. दिसायला हिरवळ सपाटच होती. पण माझ्या पोटऱ्यांना चढ कळत होता, आणि सॉक्समध्ये काहीतरी टोचत होतं.

आई पुढे होती. दगडाला वळसा घालून झाडांकडे निघाली होती. साखर वाढलेली, गुडघे दुखणारी माझी आई, भराभर, हात हलवत, एखाद्या मुलीसारखी.

झाडांमधून कुणीतरी बोललं.

"हो हो, येतेय. येते."

आवाज माझा होता. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तसा नाही. मला आतून ऐकू येतो तसा. तसा तो फक्त मलाच ऐकू येऊ शकतो.

"आले गं," आई म्हणाली. कौतुकानं. "किती घाई तुला."

आणि तिनं पाऊल उचललं.

"आई," मी हाक मारली.

ती थांबली नाही.

मी माझा सगळा आवाज लावला. नववीपर्यंत साठवून ठेवलेला सगळा. "आई!"

ती वळली. मागे आजोबा हसत होते, हायवेवर ट्रक जात होते, आणि आम्ही दोघी करंजाच्या झाडांपासून चार हातांवर हिरवळीवर उभ्या होतो.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग झाडांकडे. मग परत माझ्याकडे.

"तू मागे कशी?" ती म्हणाली. "पुढे होतीस ना?"

*

मी तिला जाऊ नको म्हणाले. ती हसली. इतके महिने जा-जा म्हणून मागे लागलीस आणि आता नको काय. मी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की सराव परीक्षेचा ताण आलाय का. शनिवारी ते स्वतः आईबरोबर बागेत गेले आणि येऊन म्हणाले, "नुसती पायवाट आहे. लोकांना शिस्त नाही." त्यांच्या पँटला एकही कुसळ नव्हतं. आईच्या ओढणीलासुद्धा होती.

मी खिडकीत उभी राहून खाली बघायला लागले, सकाळी, शाळेतून आल्यावर. वाट बागेच्या कुंपणापाशी आली होती. मग कुंपणाच्या अलीकडे, जिथे आमच्या पार्किंगचं काँक्रीट आहे. काँक्रीटवर वाट पडत नाही. तरी तिथे एका पावलाएवढा पट्टा गुळगुळीत झाला होता, आणि दोन्ही बाजूंच्या भेगांतून गवत वर आलं होतं. वॉचमनच्या केबिनला वळसा घालून तो जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबला होता.

मला अजूनही वाटत नाही की ती वाट वाईट आहे. मी खूप विचार केला. मी 'येते' म्हणाले आणि गेले नाही. तिनं वाट बघितली. मी आले नाही, म्हणून ती विचारत विचारत निघाली, जिला मी 'येते' म्हणाले होते तिच्याकडे, आईकडे. यात तिचं काय चुकलं? आपण रोज किती जणांना 'येते' म्हणून निघतो आणि जात नाही. ते सगळे ती गंमत समजतात. हिला गंमत समजत नाही, एवढंच.

पण ती आईला नेणार होती, आणि ते मला चालणार नव्हतं.

आज संध्याकाळी बाबा वह्या तपासत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात पाणी पीत उभी होते. आई ऑफिसातून येऊन चहा घेऊन बसली होती. एकदम तिनं कप खाली ठेवला, उठली, आणि बूट घालायला लागली.

"आत्ता कुठे?" बाबांनी विचारलं.

"खाली जाऊन येते. इंद्रा बोलावतेय."

बाबांनी लाल पेन थांबवलं. त्यांनी आईकडे बघितलं, मग दारात उभ्या माझ्याकडे. माझ्या तोंडात पाणी होतं. मी ते गिळलं नव्हतं.

मग ते बाबांनीही ऐकलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. जिन्यातून, पहिल्या मजल्याच्या आसपासून.

"हो हो, येतेय."

आईनं दुसऱ्या बुटाची नाडी हातात घेतली. मी जाऊन तिच्यासमोर खाली बसले आणि दोन्ही बूट तिच्या पायांतून काढले. तिचे तळवे गरम होते, पुष्कळ चालून आल्यासारखे. बाबांनी उठून दाराच्या कुलपात किल्ली फिरवली.

"आई, बाबा," मी म्हणाले, "उद्या सकाळी मी एकटी वडिवळ्याला जाणार आहे. खिंडीत. मला कुणी थांबवू नका, कुणी बरोबर येऊ नका. आणि मी दाराबाहेरून हाक मारली, तर ओ देऊ नका, दारही उघडू नका. माझ्याकडे किल्ली असेल."